मागच्या सीटवरचं वजन

एका शनिवारी सकाळी मी गाडीसाठी कापड पसंत करायला कुशनवाल्याकडे गेलो, तिथून सुरुवात करणार होतो. पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं. ही जाऊन वर्ष उलटलं होतं. माणूस गेलं की लोक ‘ती’ म्हणू लागतात. माझ्या तोंडात अजून ‘ही’च येतं, तेवढं चालवून घ्या. हिची गाडी तेव्हापासून घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मला गाडी चालवता येत नाही. ही शिक्षिका, शाळा गावाबाहेर, म्हणून आम्ही एका दलालाकडून ती जुनीच घेतली होती. आधीचा मालक कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. इंजिनाची चौकशी केली, टायरची केली, मालकाची राहून गेली.

लेकीचे दिवस भरत आले होते. जावई बोटीवर, त्याची सुट्टी अजून लांब. बाळ झालं की ती काही महिने माझ्याकडेच राहणार होती. एकदा जेवताना ती म्हणाली, “बाबा, दवाखान्यातून मी आईच्या गाडीतून घरी येणार. बाळाला आजी तर भेटणार नाही. निदान तिची गाडी तरी भेटू दे.” एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्या दिवसांत मला काहीच करावंसं वाटत नव्हतं. ऑफिसला जायचं, परत यायचं, दिवा लावायचा, बंद करायचा. लेकीचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. शेवटी मी शेडचं दार उघडलं.

गाडीच्या आतल्या छताचं कापड सुटून पोटासारखं खाली लोंबत होतं. खालच्या गालिच्याला ओल लागून बुरशीचा वास येत होता. सीटची शिवण उसवली होती आणि आतला फोम हात लावताच पिठासारखा भुरभुरत होता. तान्ह्या बाळाला यात बसवणं शक्यच नव्हतं.

मी मेहुण्याला बोलावलं. हिचा धाकटा भाऊ, लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. हाताला कुठलंही काम वर्ज्य नाही, तोंडाला कुठलाही विनोद वर्ज्य नाही. गाडीत डोकं घालून तो म्हणाला, “भाऊजी, यापेक्षा नवी गाडी बांधणं सोपं.”

“करायचं आहे का नाही, ते सांग.”

“करू की. तुम्ही नुसतं बसून सूचना देऊ नका म्हणजे झालं. ऑफिसात देता तेवढ्या पुरेत.”

सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आम्ही काम करायचो. आधी सीटचे बोल्ट सोडवून सीट अंगणात काढल्या. गालिचा धुऊन उन्हात टाकला. छताचा पुठ्ठा बाहेर काढून त्यावरचा कुजलेला फोम ब्रशने खरवडला; तो भुगा नाकातोंडात जायचा, रात्री उशीवरही सापडायचा. मग चिकटवायचं सोल्यूशन लावून, त्या शनिवारी पसंत केलेलं नवं कापड ओढून बसवलं. ते ताणताना दोघांनी दोन बाजूंनी धरावं लागतं. सुरकुती पडली की मेहुणा म्हणायचा, “असू द्या, वयाप्रमाणे शोभते.” आणि पुन्हा उचकटून नीट करायचा.

सीटची जुनी कव्हरं तारेच्या कड्यांनी सांगाड्याला आवळलेली असतात. पक्कडीने एकेक कडी कापत मी हिच्या सीटपाशी आलो. चालकाची सीट. कव्हर निघालं आणि आतला फोम उघडा पडला. बाकी सगळ्या सीटचा फोम कुजला होता, हा तेवढा शाबूत. मात्र त्यात खोल खड्डा पडलेला. नुसता खोल नव्हे, डावीकडे कललेला. शेवटच्या वर्षात ही घरातल्या खुर्चीतसुद्धा अशीच डावीकडे कलून बसायची. पाठीत दुखतं म्हणायची.

मी त्या खड्ड्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला असावा, कारण मेहुण्याने पाना खाली ठेवलेला मला ऐकू आला.

“भाऊजी, तो टाकायचा आहे,” तो हळू म्हणाला. “कुशनवाल्याने सांगितलंय ना, नव्याखाली जुना घालायचा नाही म्हणून. नवा फोम जुन्याच्या वळणाने बसतो.”

“चालकाच्या सीटखाली नाहीच घालत.”

“मग?”

चालकाच्या सीटला नवा फोम बसवला. हिचा फोम चाकूने सरळ कापून मागच्या लांब सीटमध्ये घातला, बाळाची सीट बसणार होती तिच्या शेजारच्या जागेत. वर नव्या फोमचा थर दिला, वर कापड. बाळ घरी येताना आजी शेजारी असेल, असा माझा हिशेब होता. मेहुण्याला तो कळला असणार. त्याने निमूटपणे कड्या आवळायला मदत केली आणि त्या संध्याकाळी एकही विनोद केला नाही.

सुधारणेचं मुख्य काम पुढे होतं. जुन्या गाडीत मागे धड बेल्टही नव्हते. मेहुण्याने सांगाड्याला जाड पट्ट्या जोडून मागे खांद्यावरून येणारे बेल्ट बसवले, बाळाची सीट अडकवायला कडं बसवलं. आणि कुठूनसा सेन्सरचा एक संच आणला. प्रत्येक जागेच्या कापडाखाली पातळ पट्टी, तिची वायर पुढे डॅशबोर्डपर्यंत. माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही, की समोर लाल दिवा लागतो आणि बारीक बीप सुरू होतो.

“बंद करायचे दोनच मार्ग,” तो म्हणाला. “एक तर बेल्ट लावा, नाही तर उठून जा. तिसरं याला कळत नाही.”

त्याने प्रत्येक जागेवर बसून, उठून बघितलं. सगळं बरोबर चाललं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी एकटाच शेडमध्ये गेलो. ऊन पत्र्यावर होतं, आत अर्धवट अंधार आणि सोल्यूशनचा डोक्यात चढणारा वास. दारांच्या आतले खिसे बसवायचे राहिले होते. उजेडासाठी मी किल्ली फिरवली. आतला दिवा लागला, आणि त्याच क्षणी बीप सुरू झाला.

समोर लाल दिवा. मागची डावी जागा, हिचा फोम घातलेली.

मी मागे वळून बघितलं. सीटवर काही नव्हतं. हत्यार नव्हतं, फडकं नव्हतं. नव्या करड्या कापडावर एक उथळ खोलगट भाग मात्र पडला होता. तिथल्या सुरकुत्या चारही बाजूंनी आत ओढल्यासारख्या.

मेहुणा आला. त्याने वायर तपासल्या, पट्टी बाहेर काढली. बीप थांबला. पट्टी परत जागेवर सरकवली, बीप सुरू. पट्टी बदलून दुसरी घातली. तेच.

“लिफ्टमध्ये कुणी नसताना वजन दाखवलं की आम्ही लोकांना सांगतो, सेन्सर गेलाय,” तो म्हणाला.

“आणि तो गेलेला नसला तर?”

“तरी तेच सांगतो.”

तो हसला नाही. मी मागचं दार उघडून वाकलो, त्या रिकाम्या जागेवरून बेल्ट ओढला आणि खटक्यात बसवला. बेल्ट सीटला चिकटून सपाट बसायला हवा होता. तो थोडा वर राहिला. बीप थांबला.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं. त्यानंतर रोज ऑफिसातून आलो की मी शेडमध्ये जायचो, पुढच्या सीटवर बसायचो, मागच्या रिकाम्या जागेचा बेल्ट लागलेला आहे ना बघायचो, आणि बोलायचो. साहेब काय म्हणाले, लेकीचे पाय किती सुजलेत, नळाचं गळणं कसं थांबत नाही. घरात हिच्या फोटोसमोर मला कधी शब्द सुचला नव्हता. इथे पाठ करून बसलो की बोलता यायचं. मधूनच मागून फोम दबल्याचा बारीकसा आवाज यायचा, एखाद्याने कूस बदलावी तसा. सोल्यूशनच्या वासाखाली आणखी एक वास यायचा. बंद कपाटातल्या लोकरीच्या कोटाचा असतो तसा, जुना, किंचित आंबूस. हिच्याकडे लोकरीचा कोट नव्हता. पण वासाचं असं असतं, माणूस आपल्याला हवा तो ओळखतो.

मेहुण्याने एकदा मला तसं बसलेलं बघितलं. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

“भाऊजी… एक विचारू? ताई कधी मागे बसायची का?”

हिला मागच्या सीटवर बसलं की मळमळायचं. भाड्याच्या गाडीतसुद्धा ही ड्रायव्हरच्या शेजारी बसायची, मग मी आणि सामान मागे.

“आता कसली मळमळ,” मी म्हणालो.

तो जायला वळला. “जेवून घ्या वेळेवर,” म्हणाला आणि गेला.

लेकीला मुलगी झाली. दोघीही ठणठणीत. दवाखान्यात मी नातीला काचेतून बघितलं, मग हातात घेतलं. कापसाच्या पेळूइतकं वजन. हातात काही आहे की नाही याची खात्री करायला मी दोनदा खाली बघितलं. लेक हसली. “गाडी तयार आहे ना बाबा?” मी म्हणालो, तयार आहे.

त्यांना सोडायच्या दिवशी सकाळी मेहुणा गाडी घेऊन दवाखान्यात गेला. जाताना मी त्याला एवढंच म्हणालो, मागचा बेल्ट आहे तसा राहू दे. मी घरी थांबलो. खोली झाडायची होती, बाळाची गादी यायची होती. गादी कुशनवालाच आणून देणार होता.

तो आला, सायकलवरून गादी उतरवली. तिच्यासोबत कागदात गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं.

“ही बाईंची उशी,” तो म्हणाला. “कव्हर शिवायला टाकली होती, न्यायला आल्याच नाहीत. मला नंतर कळलं. म्हटलं आज तुम्हाला देऊन टाकावी.”

मी उशी ओळखली. ही बुटकी, समोरचा रस्ता नीट दिसावा म्हणून गाडीत उशी घेऊन बसते, असं मी समजत आलो होतो. आज ती पहिल्यांदाच हातात घेतली. ती सपाट नव्हती. उजवीकडे पातळ, डावीकडे चांगली वीतभर जाड.

“अशी का?” मी विचारलं.

“त्यांनीच तशी करून घेतली. गाडी घेतली त्याच आठवड्यात. सीट डावीकडे बसलेली होती ना. मी म्हटलं, बाई, फोमच बदलू. बदललासुद्धा.”

“बदललात?”

“एकदा नाही, पुन्हाही बदलला. नवा घातला की काही दिवसांत परत तसाच खड्डा. मग त्या म्हणाल्या, राहू दे, उशीच कर.” तो सायकलचा स्टँड काढायला वाकला. “एकदा म्हणाल्या होत्या, उशी नसली की कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं. बाईंचं बोलणंच तसं गमतीचं.”

तो गेला. मी उशी हातात धरून दारात उभा होतो. हिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी हिच्या शेजारी बसून कितीदा गेलो, आलो. गाडी मीच पसंत केली होती. कदाचित म्हणून सांगितलं नसेल. रोज सकाळी ही त्या सीटवर जाऊन बसायची, मधे एक उशी ठेवून.

मग मला भान आलं आणि मी फोन लावला.

“निघालो बाबा,” लेक म्हणाली. “किती सुंदर केलीय गाडी. ओळखू येत नाही.”

“तू कुठे बसलीयेस?”

“पुढे, मामाशेजारी. मागे बसून बघितलं, पण आईसारखंच गरगरायला लागलं. बाळ आहे मागे तिच्या सीटमध्ये, नीट बांधलंय. जरा रडतेय, पण येईल झोप.”

तिच्या आवाजामागे मला बाळाचं रडणं ऐकू येत होतं. आणि त्यामागे दुसरा आवाज. बारीक, एकसारखा.

“तो बीप कसला?”

“अहो, तेच विचारणार होते. रिकाम्या सीटला बेल्ट कशाला लावून ठेवलात? मामा म्हणत होता, राहू दे. मी काढला, मला तिथे पिशवी ठेवायची होती. पण सीट इतकी गरम लागली हाताला… मग पायाशीच ठेवली पिशवी. तेव्हापासून वाजतंय.”

“मामाला गाडी थांबवायला सांग.”

“इथे? पुलावर आहोत बाबा.”

“थांबवायला सांग. बाळाला पुढे घे तुझ्याकडे.”

“काय झालंय? तुमचा आवाज असा का…” तिने फोन बाजूला धरला. मेहुण्याचा आवाज आला, “काय म्हणतायत भाऊजी?” मग नुसता रस्त्याचा आवाज, रडणं, आणि तो बीप.

बीप थांबला.

“झाला बघा बंद आपोआप,” लेक म्हणाली. मग हळूच, “आणि हीसुद्धा गप्प झाली. एकदम.”

गाडी आली तोवर मी फाटकाशीच उभा होतो. मेहुणा उतरला, त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. मी मागचं दार उघडलं. बाळ तिच्या सीटमध्ये डोळे उघडे ठेवून शांत पडलं होतं, छताकडे बघत. शेजारची जागा मोकळी होती. बेल्ट सुटलेला, खटक्यापासून दूर लोंबत होता. मी कापडावरून हात फिरवला. सपाट. थंड. एक सुरकुती नव्हती. मेहुण्याने किल्ली पुन्हा फिरवून दिवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. बेल्ट तर कुणी लावला नव्हता.

“आईची गाडी चांगलीय ना गं,” लेक बाळाला म्हणाली आणि तिला उचलायला वाकली. अर्ध्यावरच थांबली. “बाबा, जरा धरता का? टाके आहेत म्हणून असेल, पण मला… जड लागतेय ही.”

मी हात पुढे केले आणि माझे दोन्ही हात खाली गेले.

त्या संध्याकाळी मेहुण्याने मागची सीट फाडून तो फोम बाहेर काढला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाळला. एरवी फोम भडकतो तसाच तो भडकला, सहज जळाला. त्यात आता काही राहिलं नव्हतं, असं मला वाटतं. गाडी पुढच्या महिन्यात विकली. घेणाऱ्याला सगळं आवडलं.

लसीला नेलं तेव्हा नर्सने नातीला काट्यावर ठेवलं. वजन वयाच्या मानाने अगदी बेताचं, हवं तेवढं. “छान,” ती म्हणाली. पण काट्यावरून परत उचलताना तिने दुसराही हात लावला, पाय जरा फाकवून उभी राहिली, आणि पुन्हा एकदा काट्याकडे बघितलं. मग पुढच्या मुलाला बोलावलं. त्यांनाही दिवसभरात किती मुलं बघायची असतात.

लेक थकलेली असते. म्हणून ऑफिसातून आलो की नातीला मीच घेतो, जमेल तितका वेळ. माझ्या डाव्या खांद्यात आता कायमचा ठणका आहे. मांडीवर घेतलं की आधी तिचं ते एवढंसं अंग टेकतं, आणि मग सावकाश, पाय लांब करत, दिवसभर उभं राहिलेल्या मोठ्या माणसाने खुर्चीत सैल व्हावं तसं काहीतरी माझ्या मांडीवर स्थिरावतं. मी काही बोलत नाही. पूर्वी शेडमध्ये खूप बोललो.

लेक विचारते, “झोपली की फार जड होते ना हो बाबा? सगळ्याच मुलांचं असं असतं म्हणे.” मी हो म्हणतो.

खरं म्हणजे झोपली की ती हलकी होते. अगदी पहिल्या दिवशी दवाखान्यात होती तशी, पेळूसारखी. तेवढा वेळ माझ्या हातांना आराम मिळतो. तेवढा वेळ मी खाली मान घालून तिच्याकडेच बघत राहतो, आणि खोलीतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत नाही.